गाडी कुणाच्या नावावर?

एखादी जुनी भजीची, पॅटिसची नाहीतर पाणीपुरीची गाडी बंद झाली की आमच्या नौपाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस सुतक पडतं. कुणीतरी दहा वर्षांपूर्वीचा फोटो शोधून टाकतं, कुणी "ठाण्याची ओळख पुसली जातेय" लिहितं, कुणाला रेसिपी हवी असते, आणि एखादा उत्साही माणूस म्हणतो की आपण हे सगळं डॉक्युमेंट करून ठेवलं पाहिजे. गंमत म्हणजे महिन्याभरापूर्वी याच ग्रुपवर फुटपाथवरच्या गाड्या हटवा म्हणून सह्या गोळा चाललेल्या असतात, आणि सह्या करणारी मंडळी पण हीच.

मला त्या डॉक्युमेंट करण्याबद्दलच बोलायचंय. रील, फूड वॉक, चार दिवसांचा महोत्सव, जुन्या पाककृतींचं संकलन, यातलं काहीच वाईट नाही, पण त्यामुळे एखादी गाडी वाचली असं मी अजून तरी पाहिलेलं नाही. गाडी वाचते ती दोन गोष्टींनी. तिला उभं राहायला हक्काची जागा पाहिजे, आणि करणारं माणूस थकलं की ती जागा ज्याला तो पदार्थ खरंच येतो त्याच्या नावावर जायला पाहिजे. जागेबद्दल निदान थोडंफार बोललं जातं, मोर्चे निघतात, कोर्टात केसेस चालतात. दुसऱ्या गोष्टीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, आणि माझ्या मते खरी गळती तिथेच आहे.

आमच्या घराजवळ एक काकू कांदाभजीची गाडी लावायच्या. नवऱ्याची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली तेव्हा दोघांनी मिळून सुरू केलेली, नंतर नवरा गेला आणि काकूंनी एकटीने ओढली. त्यांची भजी म्हणजे काय, तर कांदा उभा चिरायचा, फार पातळ नाही, मीठ लावून ठेवून द्यायचा, आणि त्याला जेवढं पाणी सुटेल तेवढ्यातच बेसन मावलं पाहिजे, वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही. ओवा तळहातावर चोळून. एक पळी कडकडीत तेल. झालं, ही झाली रेसिपी, कुणालाही दोन ओळीत लिहून घेता येईल. पण पावसाळ्यात बाजारात असतो तो कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा, त्याला पाणी कमी सुटतं, आणि दिवाळीच्या पुढे नवा लाल कांदा यायला लागला की तो इतका ओला असतो की नेहमीच्या अंदाजाने बेसन घातलं तर भजी तेलात पसरते. एकदा एक यूट्यूबवाली मुलगी आली होती, छान होती, मन लावून विचारत होती, म्हणाली काकू एक किलो कांद्याला बेसन किती? काकू म्हणाल्या, "कांदा सांगेल तेवढं." मुलीला वाटलं काकू रेसिपी लपवताहेत. काकू काहीच लपवत नव्हत्या, त्यांच्याकडे खरंच आकडा नव्हता.

आणि सोबतची ती पिवळी चटणी! ठाण्यात वडापाव-भजीबरोबर ही बेसनाची पातळ चटणी मिळते, बाहेरच्यांना तिचं फार नवल वाटतं. बेसन पाण्यात कालवून हिंग-हळद-मिरचीच्या फोडणीत ओतायचं आणि ढवळत राहायचं, गुठळी झाली की संपलं. गार होताना ती घट्ट होते, म्हणून अजून पातळ आहे अजून पातळ आहे असं वाटत असतानाच उतरवावी लागते. ते "असतानाच" कुठल्या पुस्तकात लिहिणार? ते शेजारी उभं राहून शंभरदा बघितल्यावर येतं.

शेजारी उभं कोण होतं, हा खरा प्रश्न. काकूंचा मुलगा ऐरोलीला आयटीत आहे, मुलगी लग्न होऊन पुण्याला. दोघांनाही शिकवलं ते याच भज्यांवर आणि दोघांनी गाडीवर उभं राहू नये हीच काकूंची इच्छा होती, त्यात चुकीचं काय आहे? हे नवी पिढी, नवी पिढी म्हणून गळे काढणाऱ्यांनी आधी स्वतःच्या मुलाला दुपारी तीन ते रात्री दहा उकळत्या तेलासमोर उभं करून दाखवावं. शेजारी होता तो जव्हारकडून आलेला एक मुलगा. आला तेव्हा कांदे चिरायचा, मग पीठ कालवायला लागला, शेवटची काही वर्षं काकू खुर्चीवर बसून फक्त पैसे घ्यायच्या आणि तळायचा तोच, आणि कुणाही गिऱ्हाइकाला चवीत फरक कळला नाही. मग काकूंचे गुडघे पार गेले, मुलाने त्यांना घरी बसवलं आणि गाडी बंद. तो जव्हारचा मुलगा आता घोडबंदर रोडला एका क्लाउड किचनमध्ये फ्राइड राइस परततो. ग्रुपवर सगळे "काकूंची चव गेली" म्हणून हळहळले. चव घोडबंदर रोडला आहे हो, रोज ड्यूटीला जाते.

त्याला गाडी का मिळाली नाही, तर नियमात बसत नाही. २०१४ साली केंद्राने फेरीवाल्यांचा कायदा केला, उपजीविका संरक्षणाचा. कायदा तसा चांगला आहे, आधी फेरीवाला म्हणजे बहुतेक वेळा अतिक्रमणच समजलं जायचं, या कायद्याने त्याला हक्काचा माणूस मानलं. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं, सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला हटवायचं नाही, विक्रीचं प्रमाणपत्र द्यायचं, नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनीच निवडून दिलेले. हे सगळं कागदावर आहे, प्रत्यक्षात महापालिका किती रडतखडत करतात ते सोडून द्या. पण त्याच कायद्यात अट आहे की धंदा स्वतः करायचा किंवा घरच्यांनी करायचा, प्रमाणपत्र कुणाला हस्तांतरित करायचं नाही, भाड्याने तर नाहीच. आणि विक्रेता वारला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, तर आधी नवरा किंवा बायको, नाहीतर अवलंबून असलेलं मूल, तेही प्रमाणपत्राची मुदत असेपर्यंतच. म्हणजे कमावता मुलगा या व्याख्येत बसत नाही, सून नाही, भाचा नाही, आणि हाताखालचा पोरगा तर कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

आता ही अट उगाच घातलेली नाही हे मलाही कळतं. एकेका दादाने दहा-दहा जागा अडवायच्या आणि गरीब माणसाला दिवसाच्या भाड्याने उभं करायचं, हा धंदा आपल्याकडे प्रत्येक स्टेशनबाहेर चालत आलाय. हस्तांतर मोकळं सोडलं तर उद्या सगळ्या गाड्या त्याच चार लोकांच्या घशात जातील. मान्य. पण भाडेकरू रोखायला लावलेल्या कुलपात आपण शागिर्दालाही बाहेर ठेवलंय. उपाय फार अवघड नाही. गाडीवर काम करणाऱ्याचं नाव समितीकडे नोंदवायचं, तीन-चार वर्षं सलग तिथेच काम करतोय याची दरवर्षी खातरजमा करायची, आणि मालक थकला की त्या नोंदलेल्या माणसाच्या नावावर प्रमाणपत्र, एका पैशाचा व्यवहार न करता, आणि एका माणसाला एकच गाडी. ज्याला दहा गाड्या भाड्याने फिरवायच्यात तो तीन वर्षं कांदे चिरत बसणार नाही, ही चाळणी पुरेशी आहे.

सिंगापूरचं उदाहरण सगळे देतात, मी पण देते, पण वेगळ्या कारणासाठी. त्यांची हॉकर संस्कृती डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर २०२२ मध्ये त्यांनी एक योजना आणली ती फारशी कुणी सांगत नाही. म्हातारा झालेला हॉकर आणि त्याच्या घरचा नसलेला, पण शिकायला तयार असलेला माणूस, यांची सरकारच जोडी लावून देतं, आधी शिकणं आणि मग स्टॉल. युनेस्कोचा शिक्का मिळाल्यावर त्यांनी गाजावाजा केलाच असेल, पण पाठोपाठ वारसाचा प्रश्न हातात घेतला. अर्थात तिथे स्टॉल सरकारी सेंटरमधले, पक्के, नळ-गटारासकट, ते सगळं जसंच्या तसं ठाण्याच्या जांभळी नाक्यावर आणून बसवता येणार नाही.

आता जागेचं. ठाण्यात जे जुनं टिकलंय त्याकडे नीट बघा. मामलेदारची मिसळ १९४६ पासूनची, तहसील कचेरीच्या शेजारी, नावच मुळी कचेरीवरून पडलेलं. स्टेशनजवळचा कुंजविहारचा वडापाव. हे पदार्थ चांगले आहेतच, मामलेदारचा तिखट रस्सा खाऊन डोळ्यांतून पाणी मी पण काढलंय. पण यांच्या डोक्यावर छप्पर होतं, पत्ता होता, लाइट बिल होतं. त्याच काळात तितकाच चांगला पदार्थ करणारे हातगाडीवाले असणारच ना? त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत, कारण रस्ता रुंद झाला, स्टेशनबाहेर सॅटिसचा पूल झाला, आणि दर वेळी महापालिकेची "गाडी आली, गाडी आली" असा ओरडा झाला की ते पातेलं उचलून गल्लीत पळाले, आणि एक दिवस परत आले नाहीत. आपण म्हणतो काळाच्या ओघात चांगलं तेवढं टिकतं. छे. गाळा असलेलं टिकतं.

आणि यावर कायद्यातच एक औषध आहे जे कुणी उघडत नाही. त्याच २०१४ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सरळ लिहिलंय की जिथे पन्नास वर्षांहून जास्त काळ फेरीवाले धंदा करताहेत असे नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करायचे आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. जांभळी नाका, कोपिनेश्वर मंदिराच्या आसपासचा बाजार, हे पन्नास वर्षांत बसत नसेल तर मग काय बसेल? तलावपाळीच्या गाड्यांचं पण तपासून बघायला काय हरकत आहे. आमच्याकडे वारसा म्हटलं की जुना वाडा नाहीतर चर्च, भजीची कढई कुणाच्या यादीत येत नाही.

इथे लोक लगेच हायकोर्ट काढतात, आणि बरोबर काढतात. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, त्यानंतर ठाणे स्टेशनबाहेर राजकीय कार्यकर्त्यांनी फेरीवाल्यांना झोडपलं, आणि नोव्हेंबरात हायकोर्टाने मुंबईच्या प्रकरणात स्टेशनपासून १५० मीटर आणि देवळं, शाळा, हॉस्पिटलांपासून १०० मीटर फेरीवाले नकोत हे पक्कं केलं. ठाण्यातही तेव्हापासून स्टेशनबाहेर तोच १५० मीटरचा हिशोब लावतात. अडचण अशी की जुनी गाडी असते कुठे? स्टेशनबाहेर, देवळाबाहेर, शाळेबाहेर, कारण माणसं तिथे असतात. फुटपट्टी घेऊन बसलात तर ठाण्यातला एकही जुना बाजार शिल्लक राहणार नाही. दुसऱ्या बाजूने, २०२१ मध्ये घोडबंदर रोडला कारवाईला गेलेल्या एका महिला अधिकाऱ्यावर फेरीवाल्याने चाकूहल्ला केला, त्यांची बोटं तुटली, ते आठवलं की या विषयात भाबडेपणा करायची लाज वाटते. सगळे फेरीवाले गरीब बिचारे आणि सगळे अधिकारी खलनायक असं काही नाहीये.

माझी आई काठी घेऊन चालते. गोखले रोडवर तिला फुटपाथवरून उतरून रिक्षांमधून जावं लागतं तेव्हा मला कुठल्याही चवीचं प्रेम येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की चालणाऱ्याची वाट आधी, त्यात तडजोड नाही. गाडी त्याच गल्लीत तीस पावलं आत सरकवा, एका बाजूचं पार्किंग काढा (हे बोललं की मात्र सगळे गप्प होतात, रस्त्याच्या कडेला रात्रंदिवस उभी असलेली एसयूव्ही कुणाला अतिक्रमण वाटत नाही), वेळा ठरवून द्या. पण मंडईच्या दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवू नका, कारण भजी खायला कुणी जिना चढत नाही, ती जाता-जाता वासाने ओढून घेते. आणि ते थीमवालं "हेरिटेज खाऊगल्ली" प्रकरण तर नकोच नको, एलईडीचे कंदील, खोटी बैलगाडी, आणि गाळ्यांचा लिलाव. लिलावात कोण जिंकणार, काकू? तिथे सहा महिन्यांत फ्रँचायझीचे मोमो बसतात.

स्वच्छतेचा मुद्दा मी टाळत नाहीये. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, क्लीन स्ट्रीट फूड हब नावाने योजना आणली, २०१८ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावापासून सुरुवात झाली, आहे त्या जागी तपासणी, ट्रेनिंग, पाणी, कचऱ्याची सोय आणि मग सर्टिफिकेट. आमच्या मासुंदा तलावाला, म्हणजे तलावपाळीला, हे जमू नये असं काही नाही. बहुतेक गाड्यांची घाण ही वृत्तीची नसते, नळ नसण्याची असते, बादलीभर पाण्यात संध्याकाळभर प्लेटी विसळायच्या तर दुसरं काय होणार. केंद्राच्या फेरीवाल्यांसाठीच्या स्वनिधी योजनेतून कर्ज मिळतं, आधी पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं ते २०२५ मध्ये पंधरा केलं, चांगलं आहे, पण पंधरा हजारात कुणी गटाराची लाइन आणू शकत नाही आणि उद्या गाडी उचलली तर कर्ज तेवढं राहतं.

नवी मुंबईचं मात्र सगळं गणित वेगळं आहे आणि वारसा बाजाराचा पन्नास वर्षांचा नियम तिथे थिटा पडतो. हे शहर वसवणारी सिडकोच १९७० ची, बाजार तर त्यानंतरचे. पण शहर नवं असलं तरी तिथली चव जुनी आहे, ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ज्या ९५ गावांच्या जमिनीवर ते उभं राहिलं त्या आगरी-कोळी घरांतली. ही चव गाडीवर फार कमी आली, ती राहिली घरात, हळदीत, लग्नात. चैत्र-वैशाखात गावागावात मसाला होतो, वाशीच्या मसाला मार्केटमधून मिरच्या येतात, रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी, कुणी लवंगी टाकतं, आणि प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं असतं, सासूचं आणि आईचं पण जुळत नाही. एका मैत्रिणीच्या आईकडे करावे गावात मी सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी खाल्लीय, उकड काढून हातावर थापलेली, कडा कुठेही न चिरलेली, तशी मला आजवर कुठल्या हॉटेलात मिळाली नाही. या बायका वर्षातून एकदा महोत्सवात स्टॉल लावतात, तुफान गर्दी, रांगा, आणि मग वर्षभर काही नाही.

मी रोज ट्रान्स हार्बरने बेलापूरच्या बाजूला जाते. नवी मुंबईची स्टेशनं बघा, केवढी प्रचंड, वर ऑफिसं, खाली गाळे, बाहेर मोकळी जागा. त्या जागेत गावातल्या बचत गटांना चार पक्के ओटे परवडणाऱ्या भाड्यात द्यायला काय लागतं? जमीन त्यांचीच होती, एवढं आठवलं तरी पुरे. इथे बाजार जुना असण्याची अट लावून उपयोग नाही, इथे शिकणारीच्या नावाचीच अट लावली पाहिजे. ज्या बाईच्या हाताखाली दुसरी दोघी शिकताहेत तिला ओटा आधी.

एक धोका मला दिसतो तो बोलूनच टाकते. पारंपरिक कशाला म्हणायचं हे कुणी ठरवायचं? उद्या याच्यावरून इथलं-तिथलं, आपले-परके सुरू होईल, आणि ते सुरू झालं की चव राहील बाजूला. कोपरीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी दाल पकवान आणलं, आज सकाळी ठाण्यातली सगळ्या जातीधर्माची माणसं ते खायला जातात. तेव्हा कुणी परंपरेचं सर्टिफिकेट मागितलं असतं तर? म्हणून समितीने पदार्थ कुठला ते बघू नये. किती वर्षं चाललंय, रोज समोर बनतं की कारखान्यातून येतं, आणि कुणी शिकतंय का, एवढंच बघावं. मोमोवाला पन्नास वर्षं टिकला आणि त्याने दोन पोरं तयार केली तर तोही वारसाच, मला आवडो न आवडो.

यातलं बरंच काही आत्ताही करता येतं. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये तीन रकाने वाढवायला कायदा बदलावा लागत नाही: किती वर्षांपासून, काय बनवता, हाताखाली कोण शिकतंय. वारसा बाजार जाहीर करण्याची तरतूद तर आहेच, महापालिकेने आणि राज्याने ती वापरायचीय. समितीत रहिवासी संघटनांनाही जागा आहे, तिथे आपल्या सोसायट्यांमधलं कुणीतरी जाऊन बसायला पाहिजे, नुसतं हटवा-हटवा करायला नव्हे तर हे मुद्दे मांडायला. वारसाचं कलम मात्र केंद्राच्या कायद्यात आहे, ते संसदेतच बदलेल आणि त्याला किती वर्षं लागतील देव जाणे. तोपर्यंत ज्यांच्या गाडीवर असा एखादा तयार झालेला पोरगा आहे त्यांनी पुढच्या सर्वेक्षणाची वाट बघत बसू नये. कायद्याप्रमाणे चौदा वर्षं, किंवा राज्याने ठरवलेलं वय, पूर्ण झालेला फेरीवाला स्वतः विक्रेता म्हणून नोंद करू शकतो. मालक उभा आहे तोवरच त्याला शेजारी छोटी का होईना वेगळी टोपली मांडून द्यावी, आणि सर्वेक्षणवाले आले की त्याचं नाव वेगळं लिहायला लावावं.